मागच्या दाराने समुद्रात

नाना हॉटेलात आधी मागच्या बाजूने जायचे. जिथे कपबश्या विसळतात तिथे दोन मिनिटं हाताची घडी घालून उभे राहायचे, बादलीतल्या पाण्याचा रंग बघायचे, पुसायचं फडकं बघायचे आणि मग पुढे येऊन एक तर बसायचे, नाहीतर आम्हाला उठवायचे. मिसळ समोर आलेली असली तरी उठवायचे. पंचवटी ते नाशिकरोड या टापूतल्या कितीतरी मिसळी मी नुसत्या वासावर सोडल्या आहेत. त्यातल्या एका हॉटेलावरून आजही जाताना मला नानांचा राग येतो.

नाना हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकरोडला सरकारी प्रेसमध्ये चिकटलो तेव्हा मला त्यांच्या हाताखाली दिलं. काम तपासणीचं. छापून आलेले टपाल तिकिटांचे ताव उजेडाकडे धरायचे आणि त्यात खोट शोधायची. कुठे शाई फुटली आहे, कुठे रेघ सरकली आहे, कुठे भोकं चुकली आहेत. नानांनी हे काम वीस वर्षं केलं होतं. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "हे बघ, चांगलं काय आहे ते बघायला लोक तिकीट विकत घेतात. आपल्याला पगार वाईट बघायचा मिळतो."

माणूस आठ तास वाईट बघतो आणि पाच वाजता भोंगा झाला की डोळे बदलून घरी जातो, असं होत नाही. नानांचं भिंग सदऱ्याच्या खिशात असायचं आणि ते भाजीबाजारातही बाहेर निघायचं. एखादा ताव अगदी निर्दोष असला तर ते म्हणायचे, "खोट दिसत नाही." त्यांच्याकडची सर्वांत वरची पदवी तीच. वहिनींनी केलेला शिरा, मुलाचा पहिला वर्ग, माझं लग्नासाठी ठरलेलं स्थळ, सगळ्यांना तेवढंच मिळालं. ‘चांगलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस आमच्या खात्यात नव्हता.

खरा माणूस ओळखायची त्यांची दुसरी खूण म्हणजे ‘नाही’ म्हणणारा माणूस. मेनरोडवरच्या एका घड्याळजीने त्यांना सांगितलं, "हे घड्याळ आता सुधारणार नाही, माझा वेळ घालवू नका." त्या दिवसापासून आमच्या अख्ख्या कॉलनीची घड्याळं त्याच्याकडे जाऊ लागली. एका डॉक्टरने पोटात दुखतंय म्हणून गेलेल्या नानांना, "काही झालेलं नाही, घरी जा," म्हणून औषध न देता हाकललं. तो त्यांचा कायमचा डॉक्टर झाला. "गिऱ्हाइकाला नाही म्हणायला छाती लागते," नाना म्हणायचे. "जो सगळ्याला हो म्हणतो त्याच्या दुकानात पाऊल टाकू नये."

या शोधाशोधीत वेळ किती जायचा ते विचारू नका. फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा तीन उन्हाळे गेले. दुकानदार फ्रीजचं दार उघडून दाखवायचा आणि नाना तो भिंतीपासून ओढून मागच्या नळ्या बघत बसायचे. शेवटी फ्रीज आला तो ऐन थंडीत. त्या वर्षी नाशिकला असा कडाका होता की वहिनी दही लागावं म्हणून पातेलं फ्रीजच्या मागे ठेवायच्या, आत नाही.

वहिनी म्हणजे नानांची बायको. उंच, सावळ्या, हसताना तोंडावर पदर न घेणाऱ्या. माहेर मखमलाबादचं, फुलांचा मळा होता. नानांच्या वडिलांचं पंचवटीत देवळापाशी हारांचं दुकान आणि वहिनींच्या घरून तिथे शेवंती यायची. तेवढ्या ओळखीवर स्थळ निघालं. बघायला माणसं मळ्यात गेली, ओसरीवर बसली, पोहे आले. आणि नवरदेव कुठे? नवरदेव सवयीप्रमाणे घराच्या मागे.

ही हकिकत मी वहिनींच्याच तोंडून किमान दहादा ऐकली आहे. क्वार्टरच्या पायरीवर लसूण सोलत त्या सांगायच्या. "मला काय म्हाईत, पाव्हणे येवढ्या लवकर येतील! मी आपली विहिरीत. लहानपणी आबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकलून दिलं होतं, तवापासून रोज पोहायचे. वर डोकं काढलं तर काठावर हा माणूस, हाताची घडी घालून. म्हणलं, ओ पाव्हणे, इकडं कुठं? बायामाणसं पोहत्यात हितं. पुढल्या दारी जा!"

"मग?" मी दर वेळी विचारायचो.

"मग काय. गेले पुढल्या दारी आन् हो म्हणून आले."

नाना आतून पेपराआडून म्हणायचे, "मागची बाजू बघितली होती. खोट दिसली नाही." आयुष्यात अर्ध्या मिनिटात निवडलेली त्यांची ती एकच वस्तू, आणि हे मी वहिनींसमोरही म्हणत असे.

पण त्या गोष्टीला एक शेपूट होतं, ते वहिनी रोज सांगत नसत. लग्न होऊन पंचवटीत आणि मग नाशिकरोडच्या क्वार्टरमध्ये आल्यापासून त्या पाण्यात उतरल्या नव्हत्या. नानांनी नको म्हटलं असतं तर त्या भांडून तरी उतरल्या असत्या. नाना नको म्हणत नसत. ते म्हणत, "बघू." आणि मग खरंच बघायला जात. गोदावरी बघितली, तर पाण्यात निर्माल्य. गंगापूर धरण बघितलं, तर काठाला गाळ. नगरपालिकेचा तलाव बघितला, तर बायकांसाठीच्या खोलीची कडी तुटकी. माहेरच्या विहिरीतसुद्धा एकदा पाण्यावर विरोळा साप दिसला आणि तीही बाद झाली. वहिनी म्हणाल्या, "तो माझ्या लहानपणापासून हाय हितं." पण एकदा खोट दिसली की नानांच्या लेखी ताव फाडायचा. अशी चोवीस वर्षं गेली. नाना स्वतः पंचवटीत जन्मून नदीत घोट्यापलीकडे कधी गेले नव्हते. त्यांना पोहता येत नव्हतं, कारण पोहायला शिकवणारा माणूस त्यांना पसंत पडला नव्हता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही एलटीसीवर, म्हणजे सरकारी प्रवास सवलतीवर, अंदमानला गेलो. मुलाची परीक्षा होती, म्हणून ती दोघं आणि मी. माझं लग्न ठरलेलं, तेव्हा ही माझी शेवटची मोकळी सहल. मद्रासहून बोट. तीन दिवस नुसतं पाणी आणि वहिनी कठड्याला धरून त्या पाण्याकडे बघत उभ्या. तिथे बेटांवरचा एक कारकून भेटला. तो म्हणाला, हल्ली पोर्ट ब्लेअरला पाठीवर हवेची टाकी बांधून माणसाला समुद्राच्या तळाशी नेतात. खाली रंगीत मासे असतात, दगडाची झाडं असतात. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि नानांकडे न बघता म्हणाल्या, "मला जायचंय."

मी त्यांना दहा वर्षं ओळखत होतो. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"बघू," नाना म्हणाले. वहिनी आत जाऊन पडून राहिल्या. मला नानांचा असा राग आला की तसा मिसळीच्या वेळीसुद्धा आला नव्हता. बेटावर आमचे चार दिवस. चार दिवसांत नानांनी साधी छत्रीसुद्धा निवडली नसती.

त्या रात्री बोटीवर नानांनी एक कागद घेतला आणि प्रश्न लिहून काढले. एकतीस प्रश्न. हवा कुठून भरता, किती दिवसांची असते, नळी फुटली तर काय, तुम्ही स्वतः मागच्या वेळी कधी बुडालात. शिवाय त्यांनी जाहीर केलं, "हिला एकटीला सोडणार नाही. मी बरोबर उतरणार."

"नाना, तुम्हाला पोहता येत नाही."

"पोहायचंय कुठे? तळाशी चालायचंच आहे ना?" वर्तमानपत्रातल्या एका चित्रात पाणबुड्या तळावर उभा होता. तेवढ्यावर नानांनी आपली पात्रता ठरवली होती.

पहिलं ठिकाण एका मोठ्या हॉटेलातलं. समोर काचेचं टेबल, गुळगुळीत कागदावर माशांचे फोटो, टाय लावलेला माणूस. तो वहिनींना खुर्ची देईपर्यंत नाना नाहीसे. मी मागे गेलो तर ते स्वयंपाकघराच्या अंगणात उभे. तिथे डिझेलचा जनरेटर धडधडत होता आणि त्याच्या धुराच्या नळकांड्यापासून हातभर अंतरावर टाक्यांत हवा भरायचं यंत्र तोंड उघडून बसलं होतं. नानांनी मला मानेनेच जवळ बोलावलं. "घे वास. ही हवा ती पाण्याखाली घेणार. शिवाय शेजारी भजी तळतायत." मी वास घेतला. मान्य करायला हवं, माणूस चक्रम होता पण चुकला नव्हता. दिवस पहिला संपला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावरचा एक बोटवाला. हसतमुख, गळ्यात साखळी. नानांनी प्रश्नांचा कागद खिशात ठेवला आणि आपल्या नाशिकच्या हिंदीत सुरुवात केली. "मेरे को दमा है. चलेगा?"

"चलेगा साब."

"फिट भी आती है."

"नो प्रॉब्लेम साब."

"मेरा एक पाय लकडी का है."

बोटवाल्याने नानांच्या दोन्ही पायांकडे बघितलं. "चलेगा साब, हलका रहेगा."

नानांनी हात जोडले आणि परत फिरले. मी हसून हसून धक्क्यावर बसलो. मग बघितलं, तर वहिनी हसत नव्हत्या. त्या धक्क्याच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांनी हात कोपरापर्यंत पाण्यात घातला होता. "किती सोच्छ हाय ओ," त्या मला म्हणाल्या. "आमच्या विहिरीसारखं." माझं हसू तिथेच गेलं.

तिसऱ्या दिवशी नाना एकटेच हिंडले. दिवेलागणीला आले आणि दारातून म्हणाले, "चला, एक जागा बघितली आहे."

गावाबाहेर वाळूवर पत्र्याची शेड. नानांनी आम्हालाही मागूनच नेलं. मागे दोरीवर रबराच्या नळ्या गोड्या पाण्याने धुऊन वाळत टाकलेल्या. टाक्या ओळीने उभ्या आणि प्रत्येकीवर खडूने भरल्याची तारीख. हवेचं यंत्र ओट्यावर, आणि त्याची नळी बांबूला बांधून उंच वाऱ्यात काढलेली. नाना घडी घालून उभे राहिले. दोन मिनिटं झाली, तीन झाली. एखाद्या देवळात आणल्यासारखे ते आम्हाला दाखवत होते. "खोट दिसत नाही," ते हळूच म्हणाले.

शेडमध्ये एक म्हातारा होता. नौदलातून निवृत्त झालेला पाणबुड्या, पांढरी दाढी, अंगात बनियन. त्याने नानांचा कागद घेतला, चष्मा लावला आणि एकतीसच्या एकतीस प्रश्नांची उत्तरं उभ्या उभ्या दिली. मग कागदाची घडी करून नानांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "अब मैं पूछूं?"

नाना चमकले. त्यांना उलट कुणी विचारत नसे.

"तैरना आता है?"

"नहीं."

"कान में कोई तकलीफ?"

आता इथे दुसरा कुणीही खोटं बोलला असता. पण वीस-तीस वर्षं खोट दिसली की बोट ठेवणारा माणूस स्वतःची खोट कशी लपवणार? "उजवा कान बहता है," नाना म्हणाले. "बचपन से."

"तो आप नहीं जाएंगे," म्हातारा म्हणाला. "ये जा सकती हैं, पहले तैर के दिखाएंगी तो. आप नहीं."

नाना कागद हातात धरून उभे. मी त्यांना इतकं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी जगाला बाद केलं होतं, आज जगाने त्यांना एका कानावरून बाद केलं. मग ते वहिनींकडे वळले. "मग राहू दे," ते म्हणाले. "एकटी कशी जाणार? परत कधीतरी येऊ. उद्या दुपारी बोटही सुटायची आहे."

परत कधीतरी. फ्रीजला तीन उन्हाळे लागलेला माणूस हे म्हणत होता.

वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "हा माणूस तुम्हाला नाय म्हणला ना?"

"हो."

"नाय म्हणणारा खरा असतो, हे कोण म्हणतं? घड्याळ तिकडं, डॉक्टर तिकडं, सगळी कॉलनी तिकडं पाठवता. आन् मी तेवढी माघारी?" "चोवीस वर्षं झाली ओ. मी काय रोज मागते का? तुम्ही बघा, बघा आन् बघतच ऱ्हावा. मी उद्या जाणार हाय."

नानांनी तो कागद खिशात भिंगाशेजारी ठेवला.

सकाळी आम्ही वाळूवर. वहिनी नानांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि माझा टी-शर्ट घालून आल्या. टी-शर्टवरून पदर खोचायला हात गेला आणि पदर नाही म्हणून त्या स्वतःशीच हसल्या. म्हाताऱ्याने दूर नांगरलेली एक होडी दाखवली, तिथपर्यंत जाऊन या म्हणाला. वहिनी पाण्यात शिरल्या, कमरेपर्यंत गेल्या, एकदा मागे वळून बघितलं आणि अंग टाकलं. चोवीस वर्षांनी पोहणारी बाई धडपडेल असं मला वाटलं होतं. त्या एका संथ लयीत गेल्या, होडीला हात लावला आणि आल्या. त्या कधी पाण्याबाहेर आल्या होत्या असं वाटेचना.

"कहां सीखा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कुआं," वहिनी म्हणाल्या, आणि तो पाठीला टाकी बांधू लागला तेव्हा मला म्हणाल्या, "बघा भाऊजी, परत डबाच!"

म्हाताऱ्याने तासभर त्यांना गुडघाभर पाण्यात श्वास घ्यायला शिकवलं, खुणा शिकवल्या. मग नानांना म्हणाला, "बीस मिनट. ज्यादा गहरा नहीं. हाथ नहीं छोडूंगा." दोघं किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर खाली गेली. वर बुडबुडे येत राहिले, मग तेही लाटांत दिसेनासे झाले.

नाना घड्याळ बघत उभे. पायात बूट, खिशात भिंग. पाच मिनिटांनी ते म्हणाले, "तारीख बघितली होतीस ना टाकीवरची?" बघितली होती. दहा मिनिटांनी म्हणाले, "तो मागचा वॉशर मी बघितला नाही." मी म्हटलं, नाना, बसा. ते बसले नाहीत. अठरा झाली. वीस झाली. समुद्र सपाट होता आणि त्यावर काहीही नव्हतं.

एकवीस झाली तेव्हा नाना चालू लागले.

मला आधी कळलंच नाही. बूट काढले नाहीत, पँट वर केली नाही, खाली गाळ आहे की दगड, पाणी कुठल्या रंगाचं, काही म्हणजे काही बघितलं नाही. घोटे गेले, गुडघे गेले, कंबर गेली. गोदावरीकाठी जन्मून जो माणूस पाण्यात गुडघाभर उतरला नव्हता, तो समुद्रात छातीपर्यंत चालत गेला. मी ओरडलो, "नाना, पोहता येत नाही तुम्हाला!"

"माहीत आहे," ते मागे न बघता म्हणाले.

मी धावत पाण्यात शिरलो आणि त्यांचा सदरा मागून धरला. ते पुढे ओढत होते. मी मागे. प्रत्येक लाटेबरोबर पाणी त्यांच्या हनुवटीपर्यंत येत होतं आणि ते समोर एकाच जागी बघत होते.

आणि दहा हातांवर बुडबुडे फुटले. आधी म्हाताऱ्याची दाढी वर आली, मग वहिनींचं डोकं. त्यांनी पाण्यातला चष्मा कपाळावर सरकवला, तोंडातली नळी काढली आणि डोळे चोळून समोर बघितलं. तिथे त्यांचा नवरा, बूट-घड्याळासकट, छातीभर समुद्रात, हाताची घडी घालून.

"ओ पाव्हणे," वहिनी म्हणाल्या, "इकडं कुठं?"

वहिनी दोन हात मारून जवळ आल्या, त्यांचा दंड धरला आणि त्यांना किनाऱ्याकडे वळवायला लागल्या.

"पाणी बघत होतो," नाना म्हणाले.

"मग? हाय का खोट?"

नानांनी खाली पाण्याकडे बघितलं नाही. ते वहिनींकडे बघत होते, ओले केस, कपाळावर चष्म्याचा वळ, पाठीला डबा.

"चांगलं आहे," नाना म्हणाले.